पीक कापणीचा तुकडा केवढा असावा? नमुना पाहणीतील एका निर्णयाचे प्रकरण

प्रकरणाचा आवाका

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात नमुना, सरासरी, प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की अंदाज किती हलतो त्याचे माप) आणि अभिनती (एकाच दिशेने होणारी चूक) या चार संकल्पना एकापाठोपाठ एक शिकवल्या जातात. नमुना मोठा घेतला की अंदाज सुधारतो, एवढे एकच तात्पर्य घेऊन बहुतेक विद्यार्थी पुढे जातात. हे तात्पर्य कुठपर्यंत खरे आहे आणि कुठे फसवे ठरते, हे दाखवणारे एक प्रकरण १९४० च्या दशकात भारतातील शेतांत घडले. एकरी उतारा काढण्यासाठी शेतातला किती मोठा तुकडा कापावा, हा त्यातला प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, परंतु देशाच्या धान्याचा अंदाज त्यावर अवलंबून होता. ज्या गावांत आणि ज्या शेतकऱ्यांच्या रानात ही कापणी झाली त्यांची ओळख येथे दिलेली नाही; सार्वजनिक नोंदींत असलेल्या शास्त्रज्ञांची आणि अधिकाऱ्यांची नावे तेवढी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत पिकाचे एकूण उत्पादन तीन आकड्यांच्या गुणाकाराने काढत असत: पिकाखालील क्षेत्र, त्या पिकाचा सर्वसाधारण एकरी उतारा आणि त्या हंगामाची आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरले, तर बारा आणे पीक म्हणजे सर्वसाधारण उताऱ्याच्या ७५ टक्के. आणेवारी गावपातळीवरचा महसुली कर्मचारी नजरेने ठरवत असे. सर्वसाधारण पीक किती आण्यांचे धरायचे हेही सगळीकडे सारखे नव्हते. काही ठिकाणी ते सोळा आणे होते, तर काही ठिकाणी बारा. शिवाय आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट ठरत असल्याने हा आकडा काढणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दडपण असे. १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने या पद्धतीवर टीका केली होती. महाराष्ट्रात आजही नजर, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत पैसेवारी जाहीर होते आणि ५० पैशांच्या रेषेभोवती दरवर्षी वाद होतात, यावरून या जुन्या पद्धतीची मुळे किती खोल आहेत ते कळते.

नजरेऐवजी प्रत्यक्ष कापणी करावी, आणि तीही यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, निवडलेल्या जागी करावी, हा विचार भारतात पहिल्यांदा पद्धतशीरपणे राबवला तो सनदी अधिकारी जे. ए. हबक यांनी, १९२३ ते १९२५ दरम्यान, बिहार व ओरिसातील भातावर. त्यांनी एकराच्या ३,२०० व्या भागाएवढी छोटी त्रिकोणी चौकट वापरली. या आकड्यामागचे व्यवहारज्ञान पाहण्याजोगे आहे. एका मणाचे शेर चाळीस आणि एका शेराचे तोळे ऐंशी, म्हणजे एक मण बरोबर ३,२०० तोळे. त्यामुळे चौकटीतल्या धान्याचे वजन जितके तोळे भरेल, तितकेच मण एकरी उतारा. गुणाकार नाही, भागाकार नाही, कारकुनाच्या हातून आकडेमोडीची चूक होण्याचा संभव नाही. एक प्रकारची चूक अशी मुळापासून काढून टाकताना त्याच निर्णयाने दुसऱ्या प्रकारच्या चुकीला मात्र मोकळी वाट मिळाली. चौकट अवघी १३.६ चौरस फुटांची राहिली.

पुढे कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेने १९३७ पासून बंगालात तागाच्या मोठ्या नमुना पाहण्या केल्या आणि पुढे भाताच्या उताऱ्याकडे वळताना लहान वर्तुळाकार कापणीची पद्धत विकसित केली. त्याच सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेले सुखात्मे लंडनमध्ये संशोधन करून परतले होते. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेतील विनायक गोविंद पानसे हे त्यांचे निकटचे सहकारी. पानसे आणि कळमकर यांनी वऱ्हाडात कापसाच्या उताऱ्याची पाहणी याच काळात केली.

समस्या

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर धान्यवसुली, रेशनिंग आणि आयात या सगळ्यांसाठी प्रांतवार उत्पादनाचा विश्वासार्ह आकडा हवा होता. यादृच्छिक नमुना घ्यावा याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो निवडलेल्या शेतात गेल्यावर किती जागा आखावी याबद्दल. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले तर १२.६ चौरस फूट जागा कापावी लागते आणि काम चटकन उरकते. प्रत्येक बाजू ३३ फुटांची असा समभुज त्रिकोण आखला तर ४७१.५ चौरस फूट कापावे लागते. दोरी, खुंट्या, मजूर, मळणी, वजन असा सगळा खटाटोप करताना दिवस मोडतो.

विचारात घेतलेले पर्याय

आणेवारीच सुधारून वापरणे हा पहिला पर्याय होता. त्याचा खर्च जवळजवळ शून्य होता, पण त्यातली चूक किती आहे हे मोजण्याचा कोणताही मार्ग नव्हता, म्हणून तो लवकर मागे पडला. शेतच्या शेत कापून वजन करणे हा दुसऱ्या टोकाचा पर्याय. तो अचूक असला तरी हजारो शेतांवर अशक्य होता. खरी स्पर्धा पुष्कळ लहान तुकडे आणि थोडे मोठे तुकडे यांच्यात होती; महालनोबिस पहिल्या बाजूचे, तर सुखात्मे आणि पानसे दुसऱ्या.

लहान तुकड्यांच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम होता आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकातला विद्यार्थी नेमका हाच युक्तिवाद करील. सरासरीची प्रमाण त्रुटी नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. उताऱ्यातला मोठा फरक एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत आणि एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत असतो. एकाच शेतात तुकडा मोठा केल्याने तो फरक कमी होत नाही. मग एका शेतात दिवसभर राबण्यापेक्षा तेवढ्याच वेळात अनेक शेतांत लहान वर्तुळे कापावीत. प्रमाण त्रुटीपुरते बोलायचे तर हे अगदी बरोबर आहे.

अडचण तुकड्याच्या कडेवर आहे. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, हा निर्णय प्रत्येक तुकड्याच्या परिघावर पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. गहू वाऱ्याने कललेला असतो, ताट मुळाशी बाहेर आणि ओंबी आत, किंवा उलट. नियम सांगतो की मूळ जिथे, तिथे ताट मोजावे. उन्हात वाकून विळा चालवणाऱ्या माणसाचा हात मात्र भरल्या ओंबीकडे वळतो. ही चूक कधी आत तर कधी बाहेर अशी झाली असती, तर अनेक तुकड्यांत ती एकमेकींना खोडून गेली असती. ती बहुतेक वेळा एकाच दिशेने होते, आणि अशा चुकीलाच अभिनती म्हणतात.

तुकड्याच्या आकाराशी हिचा संबंध साध्या भूमितीने कळतो. समजा, कापणारा माणूस सीमारेषा सरासरी एक इंच बाहेर ढकलतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात त्रिज्या २४ ऐवजी २५ इंच होते आणि क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. चार फुटांच्या वर्तुळात तीच एका इंचाची चूक ४.२ टक्क्यांची होते, ५ फूट ८ इंचांच्या वर्तुळात ३ टक्क्यांची, आणि ३३ फुटी त्रिकोणात पावणेदोन टक्क्यांची. दोन फुटांच्या वर्तुळात चूक दोन इंचांची झाली, तर वाढ सतरा टक्क्यांच्या पुढे जाते. माणूस तोच, हात तोच, चूकही तेवढीच. क्षेत्राच्या मानाने परीघ किती, यावर सगळे ठरते.

आता दोन्ही चुका एकत्र मांडून पाहू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. खरा उतारा १०० मानू. लहान तुकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे तुकड्यांचे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, ४० आणि मोठ्या तुकड्यांचे ३२ धरू, कारण मोठा तुकडा शेताच्या आतला थोडा फरक गिळतो. लहान तुकडे ४०० घेतले तर प्रमाण त्रुटी २ येते, १,६०० घेतले तर १. परंतु एका इंचाची अभिनती दोन्ही वेळा साडेआठच राहते. प्रमाण त्रुटीचा वर्ग आणि अभिनतीचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की एकूण चूक ४०० तुकड्यांना सुमारे ८.७ आणि १,६०० तुकड्यांना सुमारे ८.६ निघते. चौपट खर्च करून हाती जवळजवळ काहीच लागले नाही. याउलट मोठे तुकडे फक्त १०० घेतले, तर प्रमाण त्रुटी ३.२, अभिनती १.७५ आणि एकूण चूक सुमारे ३.६.

याहून गंभीर गोष्ट अहवालाच्या शेवटच्या पानावर दिसली असती. १,६०० लहान तुकड्यांचा अंदाज १०८.५ च्या आसपास येईल आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असे मानले जाते तो) साधारण १०६.५ ते ११०.५ असा छापला जाईल. अंतराल अरुंद, म्हणून वाचणारा निश्चिंत. आणि खरा आकडा १०० त्या अंतरालाच्या बाहेर. पारड्याखाली चिंच चिकटवलेल्या तराजूवर शंभर वेळा वजन केले, तरी शंभर वेळा तेच खोटे वजन भरणार, फक्त प्रत्येक वेळी अधिक खात्रीने.

प्रत्यक्ष कृती

तर्काने हे कितीही पटले तरी प्रत्यक्ष शेतात अभिनती एक इंचाची आहे की नगण्य, हे प्रयोगाशिवाय सांगता येत नव्हते. हाच या प्रकरणातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू होय. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य पाहणीसाठी नेमलेल्या माणसांसारख्याच माणसांकरवी वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून घेतले. मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर झालेल्या अशा प्रयोगात ३३ फूट, त्याच्या निम्म्या आणि पाव बाजूचे समभुज त्रिकोण, तसेच तीन फूट आणि दोन फूट त्रिज्येची वर्तुळे वापरली गेली. तुकडा जसजसा लहान, तसतसा एकरी उतारा वाढत गेला, आणि सर्वांत लहान वर्तुळात तो सर्वांत फुगला. सुखात्मे यांनी हे निष्कर्ष १९४६ साली नेचर साप्ताहिकात मांडले.

दुसरा निर्णयबिंदू मनुष्यबळाचा होता, आणि माझ्या मते वादाचे खरे मूळ येथे आहे. बंगालात कायमधारा पद्धत (जमीनदारांकडून कायमचा ठरवलेला सारा घेण्याची) असल्याने शेतवार नोंदी ठेवणारा महसुली कर्मचारी गावोगाव नव्हताच. महालनोबिस यांना स्वतःचे प्रशिक्षित अन्वेषक उभे करावे लागले, आणि असा माणूस लहान वर्तुळाची कडही काळजीपूर्वक सांभाळू शकतो. संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश), पंजाब किंवा वऱ्हाड येथे पटवारी, कानूनगो आणि कृषी खात्याचे कर्मचारी आधीच होते. परिषदेने त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचे ठरवले, कारण पाहणी एका हंगामापुरती नव्हे तर दरवर्षी चालवायची होती. वसुलीच्या दहा कामांतून वेळ काढून येणाऱ्या पटवाऱ्याला इंचाची शिस्त लावण्यापेक्षा, इंच चुकला तरी आकडा फारसा ढळणार नाही असा तुकडा त्याच्या हाती देणे शहाणपणाचे होते. तुकड्याचा आकार आणि कापणाऱ्याचे प्रशिक्षण हे दोन वेगळे प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, हे दोन्ही बाजूंनी आरंभीच मान्य केले असते, तर वादाची धार पुष्कळ कमी झाली असती.

महालनोबिस यांना लहान तुकड्याचा धोका ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. ५ फूट ८ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे १०० चौरस फूट भरते, आणि त्यांच्या पद्धतीत असे मोठे वर्तुळही आले. अन्वेषकांच्या चुका पकडण्यासाठी त्यांनी एकमेकांत गुंतलेल्या उपनमुन्यांची सुंदर युक्ती योजली होती: एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या गटांकडे द्यायचे आणि त्यांचे आकडे ताडून पाहायचे. एक गट निष्काळजी असेल तर तफावत उघडी पडते. मात्र दोन्ही गटांचे हात एकाच दिशेने, एकाच मापाने झुकत असतील, तर दोन्ही आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि दोन्ही चुकीचे असतात. आकडे जुळणे आणि आकडे खरे असणे यांतला हा फरक विद्यार्थ्यांच्या सर्वांत उशिरा लक्षात येतो.

तिसरा निर्णय नमुन्याच्या रचनेबद्दल होता. तालुका किंवा तहसील हा स्तर धरून त्यातून गावे, गावातून शेते आणि शेतातून तुकडा असे टप्प्याटप्प्याने यादृच्छिक निवडीचे धोरण स्वीकारले गेले. गावागावांतला फरक मोठा असल्याने एका गावात अधिक तुकडे घेण्यापेक्षा अधिक गावे घ्यावीत, हा लहान तुकड्यांच्या पक्षाचा खरा मुद्दा या रचनेत सामावला गेला. त्यासाठी तुकडा लहान करण्याची गरज उरली नाही. शेताच्या आत तुकड्याची जागाही माणसाच्या मर्जीवर सोडली नाही. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी आणि रुंदी पावलांनी मोजायची, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे आणि तेवढी पावले चालून जिथे पोहोचाल तिथे खुंटी ठोकायची, मग तेथे पीक दाट असो वा विरळ.

निष्पत्ती

मोठ्या तुकड्याची, खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून करून घ्यायची पीक कापणी हीच पुढे देशातील पीक अंदाजाची सरकारी पद्धत झाली. आज ५ मीटर × ५ मीटर हा तुकड्याचा सर्वाधिक रूढ आकार आहे. पिकानुसार आणि राज्यानुसार तो बदलतो. त्या तुकड्यात एका इंचाची चूक सुमारे दोन टक्क्यांची होते. सुखात्मे १९५० च्या दशकाच्या आरंभी रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहण्यासाठी गेले, आणि परिषदेतली त्यांची जबाबदारी पानसे यांच्याकडे आली. वाद मात्र तेवढ्याने संपला नाही. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाल्यावर एकाच पिकाचे दोन वेगळे अंदाज पुढे येत राहिले. १९७३-७४ पासून नमुना पाहणी संघटनेकडे राज्यांच्या कामावर देखरेख करण्याची भूमिका आली.

काय वेगळे करता आले असते

आकारांची तुलना हा एकदाच करून निकालात काढण्याचा प्रयोग मानला गेला, हा या प्रकरणातला सर्वांत मोठा उणेपणा वाटतो. अभिनती ही पिकावर, कापणाऱ्यावर आणि कामाच्या घाईवर अवलंबून असल्याने ती दर हंगामाला मोजायला हवी. त्यासाठी फार खर्च लागत नाही. एकाच केंद्राभोवती दोन आणि चार फूट त्रिज्येची वर्तुळे आखून आतले आणि पूर्ण अशी दोन वजने वेगळी नोंदवली, तर त्यांच्यातच अभिनतीचे माप दडलेले असते. क्षेत्राच्या मानाने परीघ मोठ्या वर्तुळात बरोबर निम्मा असतो. म्हणून कडेची चूक दोन्हीकडे सारख्या इंचांची असल्यास मोठ्याच्या सरासरीची दुप्पट करून त्यातून लहानाची सरासरी वजा करावी. वरच्या उदाहरणात हे २०८.४ वजा १०८.५ म्हणजे ९९.९ येते, आणि खरा उतारा १०० होता. या वजाबाकीने यादृच्छिक चूक वाढते, त्यामुळे अंतिम अंदाज म्हणून ती वापरू नये. धोक्याची घंटा म्हणून ती पुरेशी आहे.

दुसरा मुद्दा पीक विम्यामुळे नव्याने पुढे आला आहे. १९४० च्या दशकात जिल्ह्याचा किंवा प्रांताचा आकडा हवा होता आणि एकूण तुकडे पुष्कळ होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाला किमान दहा आणि ग्रामपंचायतीला प्रमुख पिकासाठी किमान चार कापणी प्रयोग ठरले. येथे पारडे फिरले आहे: चार तुकड्यांवर यादृच्छिक चूकच प्रचंड असते. तुकड्याचे प्रमाण विचलन वरच्याप्रमाणे ३२ टक्के धरले, तर चारांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १६ टक्के होते, आणि कडेच्या दोन टक्क्यांवर डोकेफोड करण्यात फारसा अर्थ राहत नाही. अभिनतीही येथे वेगळ्या वाटेने शिरते. कापणीच्या वेळी बांधावर शेतकरी आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी असे दोघेही उभे असतात, आणि त्या आकड्यात दोघांचेही पैसे गुंतलेले असतात. हातांचा कल कोणत्या दिशेला असेल हे पूर्वीप्रमाणे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी तुकड्याच्या आकारापेक्षा जागेची निवड जपावी लागते, कारण खुंटी चार पावले दाट पिकाकडे किंवा विरळ पिकाकडे सरकली, तर कडेवरच्या सगळ्या काळजीवर पाणी पडते. यादृच्छिक आकडे शेतावर पोहोचण्याच्या आधी मुख्यालयात काढून नोंदवणे, ओल्या धान्याबरोबर सुकवलेल्या धान्याचेही वजन ठेवणे आणि शक्य तेथे आतल्या छोट्या तुकड्याचे वजन वेगळे लिहिणे, या तीन नोंदी प्रयोगाच्या तक्त्यात सक्तीच्या केल्या, तर तंटा झाल्यावर तपासण्यासारखे काहीतरी कागदावर राहील.